बिअरला चिकटपट्टीचा वास का येतो?

घरी बिअर करणाऱ्याची एखादी खेप बिघडली तर तो ती मोरीत ओतून देतो आणि पुढची लावतो. त्याचं त्याला फार वाटत नाही. माणूस खचतो तो दर खेपेला तीच चव परत आली की. माल्ट बदललं, हॉप्स बदलले, यीस्टचं पाकीट दुसरं आणलं, तरी घोट गिळला की जिभेच्या मुळाशी तेच काहीतरी उगवतं. अशा चिवट दोषाचा माग कसा काढावा यावर ब्रूअर मंडळींत दोन तट आहेत. एक म्हणतो, आधी सगळं खोलून घासा, दोष भांड्यात असतो. दुसरा म्हणतो, आधी चवीचं नाव ठरवा, मग ती कुठे तयार होते ते शोधा. वरवर पाहता दोन्ही सल्ले एकत्र पाळता येतील असं वाटतं. पण हातात एक बिघडलेली बिअर आणि एक मोकळा रविवार असला, की आधी पान्हा उचलायचा की वही, हे ठरवावंच लागतं.

अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्रीय कायद्याने १९७९ पासून मोकळीक आहे. एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही. म्हणून हा संवाद मी कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीत, एका गॅरेजात नेला आहे. माणसं रचलेली आहेत. सई तिथे नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी पेल एल लावते. तिचे मामा सांगलीकडच्या एका दूध डेअरीत गुणवत्ता विभाग सांभाळून निवृत्त झाले आणि आता भाचीकडे मुक्कामाला आहेत. वाद मात्र खरा आहे. चार ब्रूअर जमले की तो होतोच.

सई : मामा, एकच घोट घ्या. कसली चव आहे तेवढं सांगा, कारण सांगू नका.

मामा : पिणं काही मला जमायचं नाही. तोंडात घोळवून थुंकतो. डेअरीच्या प्लॅटफॉर्मवर आयुष्यभर तेच केलं. कॅनचं झाकण उघडलं की आधी नाक, मग जीभ. लॅक्टोमीटर त्याच्या मागून.

सई : थुंकलात तर हा दोष हाती लागणार नाही. तो गिळल्यावर येतो, श्वास सोडताना घशामागून नाकात चढतो. एक लहानसा घोट गिळाच.

मामा : हं. पहिल्यांदा चांगली लागली. संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी आलं. आणि मग दवाखाना. जखमेवरची चिकटपट्टी दोन दिवसांनी सोडवली की येतो ना, तो वास.

सई : मीही तेच लिहिलंय वहीत. दर खेपेला.

मामा : मग यात शोधायचं काय? ही जंतूंची करणी. त्या पिंपाची तोटी उघडते का?

सई : फर्मेंटरची? बॉल व्हॉल्व्ह आहे तो. दर वेळी गरम पाणी सोडते त्यातून.

मामा : सोडतेस, उघडत नाहीस. पान्हा दे इकडे.

तोटीचे तुकडे झाले. मधल्या स्टीलच्या गोळ्याभोवती, पांढऱ्या टेफ्लॉनच्या कडीमागे, तपकिरी चिकट थर होता. बॉल व्हॉल्व्ह बंद करताना गोळ्याच्या पोटातलं द्रव आतच अडकतं आणि कडीमागच्या फटीत उतरतं. नुसतं पाणी सोडून ती फट धुतली जात नाही. घरच्या ब्रूइंगमधली ही फार जुनी दुखरी जागा आहे, आणि मामांनी ती बरोबर हेरली.

मामा : दुधाच्या लाइनीत असा थर बसला की आम्ही मिल्कस्टोन म्हणायचो. कॅल्शियम, प्रथिनं, आणि त्यांच्या आडोशाला जंतू. आधी कॉस्टिक, मग पाणी, मग ॲसिड, मग परत पाणी. यातली एक पायरी रात्रपाळीने गाळली की दुधाच्या एमबीआरटी चाचणीत सापडायची.

सई : बिअरच्या थराला बिअरस्टोन म्हणतात. त्यात कॅल्शियम ऑक्झलेट असतं. नुसत्या अल्कलीने सुटत नाही, त्यालाही ॲसिड लागतं.

मामा : आणि फवारतेस काय?

सई : स्टारसॅन. फॉस्फोरिक ॲसिड असतं त्यात.

मामा : ते जंतू मारायला. घाण काढायचं काम वेगळं, आणि ते आधी. घाणीवर जंतुनाशक ओतलं की वरचे मरतात, आतले राहतात. पुढच्या खेपेला तेच वाढतात. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे बघ, माझ्या तळहातावर आहे.

सई : तोटी आज उकळते. गॅस्केटही बदलते. पण हा थर म्हणजेच हा वास, असं मी वहीत लिहिणार नाही.

मामा : डोळ्यांनी दिसतंय तरी?

सई : मागे मी नवा फर्मेंटर आणला होता, नव्या तोटीसकट. पहिल्याच खेपेला हाच वास होता.

मामा : नळ्या जुन्या असतील.

सई : त्याही नव्या होत्या.

मामा : मग वॉर्ट, म्हणजे उकळलेला माल्टचा अर्क, थंड करायची ती गुंडाळी. नाहीतर गॅरेजातली हवा. बाजूला माल्ट दळतेस, त्या धुळीत लॅक्टोबॅसिलस भरलेला असतो.

सई : मामा, असं म्हणत गेलं तर संशय कधी संपणारच नाही. जंतू कुठेही असू शकतात. म्हणून त्यांना निर्दोष ठरवणारा कुठलाच पुरावा तुम्ही मानणार नाही.

सईच्या या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. चिवट दोष शोधताना सगळ्यात मोठी अडचण इथेच येते. शोधायला गेलं की कुठल्याही घरच्या ब्रूअरीत दहा दोष सापडतात. चरे पडलेलं प्लॅस्टिक, जुनी नळी, वाफ कोंडणारं झाकण, उन्हात राहिलेली बाटली. यातला पहिला सापडला की मन सुटकेचा श्वास टाकतं आणि शोध थांबतो. दोष सापडणं आणि हा दोष सापडणं यात फरक आहे. तोटी घाणेरडी होती हे खरं, ती स्वच्छ करायला हवी हेही खरं. पण जी घाण नव्या तोटीत नव्हती, तिने नव्या तोटीतली बिअर कशी बिघडवली, याचं उत्तर मामांनी दिलं पाहिजे. आणि ते देतात. पुढे येईल.

सई : आधी वासाचं कूळ लावू या. फिनॉल म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली येतात. एक लवंगेसारखा, जरासा धुराकडे झुकणारा. तो ४-व्हिनाइल ग्वायाकॉलचा. धान्याच्या सालीतल्या फेरुलिक ॲसिडपासून काही यीस्ट तो बनवतात. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरला तो हवाच असतो. माझं पेल एलचं यीस्ट तो बनवत नाही. म्हणून तिथे लवंग आली तर बाहेरचं यीस्ट घुसलं असं धरायचं.

मामा : लवंग नाही आली मला.

सई : मलाही नाही. दुसरा क्लोरोफिनॉल. माल्टमधल्या फिनॉलांना पाण्यातलं क्लोरीन चिकटलं की तयार होतो. त्याला जंतू लागत नाहीत. वास चिकटपट्टीचा, औषधाचा. आणि अब्ज भागांत काही भाग असला तरी माणसाच्या नाकाला कळतो.

मामा : पाणी? तुमच्या नळाचं पाणी तर डोंगरातलं म्हणतात.

सई : हेच हेची धरणाचं, सिएरा नेवाडातल्या बर्फाचं. फार मऊ आणि चांगलं पाणी आहे. पण शहरात पोचेपर्यंत ते निर्जंतुक राहायला हवं, म्हणून २००४ पासून त्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असतं. ते नळ्यांमधून लांबवर टिकतं, म्हणूनच निवडलं. पिण्याला काही धोका नाही. माझी अडचण बिअरपुरती.

मामा : आमच्याकडे क्लोरीनचं पाणी रात्रभर पिंपात उघडं ठेवलं की वास जातो.

सई : क्लोरीन उडून जातं. उकळलं तर लवकरच जातं. क्लोरामाइन तसं जात नाही, उकळूनही बराच वेळ मागे राहतं.

मामा : सिंकखाली फिल्टर लावलायस की.

सई : म्हणूनच इतके दिवस पाण्यावर संशय गेला नाही. कार्बन क्लोरीनला चटकन धरतो. क्लोरामाइनला मात्र कार्बनशी बराच वेळ संपर्क लागतो. मी नळ पूर्ण सोडून पातेलं भरते, तेवढ्या वेगात ते तसंच पुढे जातं.

मामा : मग नुसत्या पाण्याला वास का येत नाही? मी सकाळपासून तेच पितोय.

सई : कारण क्लोरोफिनॉल पाण्यात नसतोच. तो माल्ट भेटल्यावर होतो. पाणी चाखून हे कळणार नाही.

मामा : हा तुझा तर्क झाला. माझाही तर्कच होता. तुझा वरचा कसा?

सई : काळावरून. मी वासाला आकडा देऊन ठेवलाय. किण्वन संपल्यावर जेवढा, तेवढाच तीन महिन्यांनी. ग्रॅव्हिटी, म्हणजे बिअरची घनता, दर वेळी १.०११ च्या आसपास थांबते. बाटल्या उघडताना फसफसून वर येत नाहीत. डायस्टॅटिकससारखं यीस्ट घुसलं असतं तर त्याने उरलेलं डेक्स्ट्रिनही खाल्लं असतं, ग्रॅव्हिटी खाली गेली असती, बाटल्या उतू गेल्या असत्या. जिवंत गोष्ट गप्प बसत नाही.

मामा : थांब. बिअरमध्ये जंतूंना जगणं अवघड, हे तूच काल सांगितलंस. हॉप्स, अल्कोहोल, खाली गेलेला पीएच. बरोबर?

सई : बरोबर.

मामा : मग असं धर. वॉर्ट थंड झालं, तू यीस्ट टाकलंस. यीस्टला जोर धरायला दिवस जातो. त्या दिवसात जंतू वाढले, त्यांनी वास सोडला. पुढे अल्कोहोल चढलं आणि ते मेले. वास राहिला, जंतू राहिले नाहीत. तीन महिन्यांनी वास तेवढाच, ग्रॅव्हिटी जागेवर, बाटल्या शांत. तुझा काळाचा पुरावा इथे पडतो की नाही?

सई : पडतो.

मामा : आणि नवी तोटीही वाचवत नाही. हे जंतू तोटीत राहत नाहीत, त्या थंड करायच्या गुंडाळीतून किंवा हवेतून येतात.

हा मुद्दा नुसता वादासाठीचा नाही. वॉर्टमध्ये वाढणारे एंटेरोबॅक्टर गटातले जंतू नेमके असेच वागतात. यीस्ट सुस्त असेपर्यंत माजतात, भाजीसारखे, कधी फिनॉलसारखे वास सोडतात आणि पीएच उतरला की मरतात. मागे उरते ती फक्त चव. अशा वेळी तयार बिअर सूक्ष्मदर्शकाखाली धरूनही गुन्हेगार दिसत नाही. सईची बाजू मला पहिल्यापासून जवळची वाटते, पण या एका युक्तिवादाने तिच्या वहीतले तीन महिन्यांचे आकडे निरुपयोगी केले, हे मान्य केलं पाहिजे.

हा वाद या दोघांनी पहिल्यांदा घातलेला नाही. लुई पाश्चरने १८७६ साली बिअरवरचा आपला मोठा ग्रंथ काढला, तेव्हा बिअरचे रोग म्हणजे बाहेरून शिरलेले जंतू, असं चित्र उभं राहिलं. ब्रुअऱ्यांना त्याचा प्रचंड फायदा झाला. पण कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये बिअर कडवट, दुर्गंधीयुक्त होऊ लागली तेव्हा एमिल ख्रिश्चन हान्सेनने दोष बॅक्टेरियात न शोधता यीस्टमध्येच शोधला. यीस्ट म्हणून जे टाकलं जात होतं त्यात जंगली यीस्ट मिसळलं होतं. १८८३ साली त्याने एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरात आणलं आणि दोष गेला. तिथे भांडी कितीही घासली असती तरी उपयोग झाला नसता. पाश्चर चुकला नव्हता. त्याचं उत्तर त्या प्रश्नाचं नव्हतं, एवढंच.

उलट बाजूचंही उदाहरण सईच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी १९६५ साली बंद पडायला आली होती. फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने ती घेतली. तिची बिअर वरचेवर आंबट व्हायची. त्याने सूक्ष्मदर्शक आणला, यंत्रं आणि नळ्या बदलल्या, स्वच्छतेची घडी बसवली. अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअऱ्यांची पुढची सगळी चळवळ त्या साफसफाईतून उभी राहिली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. मामांना हे ऐकवलं तर ते म्हणतील, बघ.

सई : तुमचा मुद्दा तपासता येतो. वॉर्ट थंड झालं की यीस्ट टाकायच्या आधी थोडं एका उकळलेल्या बरणीत काढायचं. झाकण सैल ठेवायचं आणि तीन दिवस उबेत ठेवायचं. जंतू त्या टप्प्यात शिरत असतील तर यीस्ट नसल्यामुळे त्यांना रान मोकळं. वॉर्ट गढूळ होईल, बुडबुडे येतील, वास सुटेल. तीन दिवस स्वच्छ राहिलं तर यीस्टच्या आधीचा मार्ग निर्दोष.

मामा : ही आमची एमबीआरटीच की. दुधात मेथिलीन ब्लू टाकून ३७ अंशांवर ठेवायचं, निळा रंग किती लवकर उडतो ते बघायचं. लवकर उडाला तर जंतू फार. आवडली ही.

सई : आणि पाण्यासाठी दोन लहान खेपा. चार-चार लिटर. एकीला नळाचं पाणी जसंच्या तसं, दुसरीला कॅम्पडेनची गोळी. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट असतं त्यात, क्लोरामाइन काही मिनिटांत निकामी करतं. एक गोळी ७५ लिटरला पुरते, म्हणजे इथे गोळीचा कणभर चुरा. माल्ट पाण्यात पडायच्या आधीच टाकायचा, नंतर टाकून उपयोग नाही. बाकी सगळं तेच. तेच माल्ट, तेच हॉप्स, यीस्टचं एकच पाकीट वजन करून वाटायचं. आणि भांडी माझी नेहमीचीच.

मामा : ती नाही वापरायची.

सई : का? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी पाणी बदलते. भांडीही बदलली तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

मामा : दोन्ही खेपा नव्या काचेच्या जगमध्ये कर, नळ्या नव्या, सगळं उकळून. आता नीट बघ. नळाच्या पाण्याची खेप स्वच्छ भांड्यातही वासाची निघाली, तर तू जिंकलीस, भांडी सुटली. दोन्ही खेपा चांगल्या निघाल्या, तर दोष भांड्यांचा, मी जिंकलो. तुझ्या पद्धतीने केलं आणि दोन्ही खेपांना वास आला, तर काय म्हणशील?

सई : भांडी असतील, गोळी कमी पडली असेल, दोन्ही असतील.

मामा : झालं तर. घाणेरड्या भांड्यात केलेला प्रयोग रोज वेगळं उत्तर देतो. सफाई मी उत्तर म्हणून सांगत नाही, पोरी. सफाईशिवाय तुझी वहीच खोटी पडते.

आता मामांची भूमिका नीट उलगडली. आधी ते घाण हे कारण मानत होते. आता ते स्वच्छतेला तपासाची पूर्वअट मानतात, आणि हे पहिल्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, हा सल्ला ब्रूइंगच्या प्रत्येक पुस्तकात मिळतो. पण ज्या पायावर उभं राहून ती एक गोष्ट बदलायची, तो पाय स्थिर हवा, याकडे लक्ष कमी जातं. जंतूंचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, धरलेल्या तोटीतून एका खेपेला शंभर जंतू सुटतील, पुढच्या खेपेला लाखभर. अशा भांड्यात माल्टचा, पाण्याचा, यीस्टचा कुठलाच फरक विश्वासाने वाचता येत नाही. या टप्प्यावर मी मामांकडे झुकलो.

चव घेण्याची रीतही ठरली. तीन ग्लास, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा. ओतणारा वेगळा, पिणारा वेगळा. एकदा ओळखला तर तीनात एक नशीब. सलग चारदा ओळखला तर नशिबाचा वाटा एक्याऐंशीत एक. आपणच केलेली बिअर आपणच चाखताना मन जे शोधत असतं तेच जिभेला सापडतं, म्हणून ही रीत.

निकाल असा लागला. बरणीतलं वॉर्ट तीन दिवस नितळ राहिलं. नळाच्या पाण्याच्या खेपेला नव्या काचेतही चिकटपट्टी होती. चुरा टाकलेल्या खेपेत संत्र्याची साल शेवटपर्यंत टिकली, मागून काही आलं नाही. वेगळा ग्लास मामांनी सलग चारदा ओळखला, आणि प्रत्येक वेळी गिळून.

मामा : पाणीच होतं.

सई : पाणीच. आणि काचेचा जग तुम्ही धरून बसला नसता तर मी अजून वाद घालत बसले असते.

मामा : तोटीचं काय? तो थर काय उगाच होता?

सई : तोच विचार करत होते. फ्रीजमधल्या केगमध्ये लागर आहे. भरला तेव्हा चांगला होता, आता त्याला लोण्याचा वास येतो.

मामा : डायअसेटिल! अगं, हा तर माझा माणूस. लोण्याच्या विरजणात आम्ही तो मुद्दाम पिकवायचो. सायट्रेटपासून डायअसेटिल करणारे लॅक्टोकॉकस आणि ल्युकोनोस्टॉक घालूनच विरजण लावायचं. तो आला नाही तर लोणी मुकं लागायचं.

सई : तुमच्याकडे गुण, माझ्याकडे दोष.

मामा : आणि हा नंतर वाढलाय म्हणतेस. म्हणजे आता जिवंत काहीतरी आहे. पिडिओकॉकस. बिअरच्या नळात तो राहतो हे मलाही ठाऊक आहे.

सई : इथे माझा काळाचा नियम मलाच धरता येत नाही. यीस्ट व्हॅलिन बनवताना अल्फा-ॲसिटोलॅक्टेट बाहेर सोडतं. ते स्वतः बेचव असतं. पण सावकाश, कुणाच्याही मदतीशिवाय, त्याचं डायअसेटिल होतं. यीस्ट जागं असेल तर ते परत आत घेऊन संपवतं. मी लागर लवकर थंड केला असेल, यीस्ट खाली बसलं असेल, तर केगमध्ये महिनाभराने लोणी उगवणारच. जंतू नसतानाही.

मामा : म्हणजे दोन्ही कारणांनी वास वाढतो. मग वेगळं कसं करायचं?

सई : एक नमुना ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा, झाकून. दुसरा तसाच. दोन्ही थंड करून हुंगायचे. गरम केलेल्याला लोणी जास्त आलं, तर अल्फा-ॲसिटोलॅक्टेट अजून शिल्लक आहे, यीस्टचं काम अर्धवट राहिलं. फरक नसेल तर मात्र एवढ्यावरून ठरत नाही. सगळं आधीच डायअसेटिल होऊन बसलं असेल.

मामा : तेव्हा पीएच बघ. जंतू असतील तर लॅक्टिक ॲसिड असणार, पीएच खाली असणार. जिभेलाही आंबूस लागेल.

सई : भरताना पीएच लिहून ठेवलाय.

या दुसऱ्या दोषावर दोघांचं एकमत मला दिसत नाही, आणि ते व्हावं असंही वाटत नाही. बाकीचे नेहमीचे दोष इतके गुंतागुंतीचे नसतात. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे भरताना शिरलेला ऑक्सिजन. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे डायमिथिल सल्फाइड, बहुतेक वेळा झाकण ठेवून उकळल्यामुळे. हिरवं सफरचंद म्हणजे अजून कच्ची बिअर. हिरव्या बाटलीत उन्हाने येणारा दर्प तर मिनिटांत येतो. या सगळ्यांना नाव मिळालं की उपायही मिळतो. लोणी आणि फिनॉल या दोघांना नाव मिळूनही दोन-दोन जन्मस्थानं उरतात, म्हणून तेच माणसाला वर्षभर फिरवतात.

मामा : गरम नमुन्यात लोणी वाढलं तर पुढे काय करणार?

सई : पुढच्या लागरला किण्वन संपत आलं की दोन-तीन दिवस १८ अंशांवर ठेवायचं. गरम केलेला नमुना स्वच्छ येईपर्यंत थंड करायचं नाही.

मामा : आणि पीएच खाली आला तर?

सई : तर केगचा नळ, गॅस्केट, नळ्या, सगळं तुमच्या हवाली. कॉस्टिक आणते.

मामा : मग नमुने दोन नको, चार कर. दोन नळातून, दोन केगचं झाकण उघडून आतून, उकळलेल्या पळीने. नळातला बिघडलेला आणि आतला चांगला, असं डेअरीत कितीदा झालंय. आणि नळाची पहिली धार टाकून देऊ नकोस, तीच घे.